गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं का?



येत्या सोमवारी मी आणि माझी पत्नी दुबईच्या व्हिसा अर्ज केंद्रावर आमचे दोन पासपोर्ट जमा करणार आहोत. कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे कायम निवासासाठी, ज्यांनी अर्ज केला आहे त्यांना या टप्प्याचं महत्त्व सांगायला नको. इंग्रजीची परीक्षा, पदव्यांची तपासणी, पोलीस दाखले, मेडिकल, बँकेतला पैसा हे सगळं पार पडलं की एके दिवशी 'पासपोर्ट पाठवा' असं पत्र येतं. तीस दिवसांत द्यायचे असतात. मग त्यावर व्हिसा लागून ते परत येतात आणि माणूस तिकीट काढतो.

आखातात पासपोर्ट दुसऱ्याच्या हाती देणं ही साधी गोष्ट नाही. कायद्याने मनाई असतानाही कामगारांचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात पडून असलेले आपण पाहिले आहेत. त्यामुळे पासपोर्ट स्वतःजवळ असणं ही इथे एक प्रकारची मोकळीक असते. हे पत्र आलं की मात्र आपण तो आनंदाने, पेढे वाटून देतो.

मला हे पत्र दुसऱ्यांदा आलं आहे. पहिलं सोळा महिन्यांपूर्वी आलं होतं. त्या वेळी मी पासपोर्ट का दिला नाही, असं वंदनेनंतर दोन-तीन तरुण उपासकांनी मला विचारलं. त्यातल्या एकाची अडचण अगदी माझ्यासारखीच निघाली. उभ्या उभ्या चहा घेताना मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

अर्ज भरला तेव्हा मी अविवाहित होतो. फॉर्मवर तसंच लिहिलं आणि ते खरं होतं. अर्ज जाऊन पाच महिने झाल्यावर गावाकडे आईची तब्येत ढासळली. गाव वाशीम जिल्ह्यातलं. ताईने फोन करून सांगितलं की आईचा जीव तुझ्या लग्नात अडकला आहे, आणि मुलगीही पाहून ठेवली आहे. मी तीन आठवड्यांची रजा टाकली. आम्ही दोघं भेटलो, बोललो, एकमेकांना पसंत पडलो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गावातल्या समाजमंदिरात, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर, पांढरी वस्त्रं नेसून, त्रिशरण-पंचशील घेऊन आमचा मंगल परिणय झाला. दोनशे माणसं जेवली. लग्नाची नोंदणी करायला मात्र वेळ मिळाला नाही. मी शारजाला परत आलो आणि काही दिवसांतच पहिलं पत्र आलं.

ज्याच्याकडून मी कागदपत्रं तयार करून घेतली होती त्याला फोन केला. तो म्हणाला, "लग्नाचं आत्ता काढूच नका. फाईल पुन्हा उघडतील, गुण परत मोजतील, कदाचित हातचं जाईल. तुम्हाला कोणी विचारलंय का? नाही ना? पासपोर्ट द्या, जाऊन पोहोचा, मग तिकडून बायकोला बोलवा." आमच्या भाऊजींनी त्याच्याही पुढचं सुचवलं. ते म्हणाले, नोंदणीच झाली नाही, तर कागदावर लग्न झालंच कुठे? तिकडे गेल्यावर वर्षभराने सुट्टीत ये, रजिस्टर लग्न कर, तीच तारीख खरी.

मला हे पटलं. खोटं सांगत नाही, पटलंच. नऊ दिवस मी पासपोर्ट पाकिटात घालून, फोटो काढून तयार होतो.

भाऊजींच्या बोलण्यात काय दडलं आहे, ते मला नंतर उमगलं. कायद्याच्या बाजूने तर ते चूकच होतं. बौद्धांची लग्नं १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखालीच येतात आणि नोंदणी झाली नाही म्हणून लागलेलं लग्न रद्द होत नाही. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवा. आपल्या आजोबांच्या पिढीने १९५६ नंतर जुने विधी सोडले, हुंडा, मुहूर्त, भटजी सोडले, साध्या पद्धतीने लग्नं लावली, तेव्हा गावाने त्यांना हसून घेतलं. 'हे काय लग्न आहे का?' असं लोक म्हणायचे. ती विधी खरी आहे, पुरेशी आहे, हे त्या माणसांनी आपल्या संसारांनी सिद्ध करून दाखवलं. आणि आता त्यांचा नातू व्हिसासाठी मनातल्या मनात म्हणत होता की ते काही खरं लग्न नव्हतं. हे मी कॅनडाच्या अधिकाऱ्याला फसवण्यापुरतं राहत नाही, हे कळायला मला नऊ दिवस लागले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मी खोटं बोलत होतो का? मी तर काहीच बोलत नव्हतो. पंचशीलातलं चौथं शील असत्य बोलण्यापासून दूर राहण्याचं आहे. न बोलण्याने ते कसं मोडेल?

अट्ठकथांमध्ये मुसावाद पुरा होण्यासाठी चार गोष्टी सांगितल्या आहेत. गोष्ट खोटी असली पाहिजे, फसवण्याचा हेतू असला पाहिजे, तसा प्रयत्न झाला पाहिजे आणि समोरच्याला तो अर्थ पोहोचला पाहिजे. यात 'तोंडाने बोलणं' ही अट नाही. शरीरानेही खोटं बोलता येतं. नुसती मान हलवली तरी चालतं. मग पासपोर्ट काउंटरवर ठेवणं काय आहे?

विनयात याहून नेमकं उदाहरण आहे. भिक्खूसंघ दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी पातिमोक्खाचं पठण करतो. सुरुवातीलाच सांगितलं जातं की ज्याच्या हातून काही दोष घडला असेल त्याने तो उघड करावा, आणि जे गप्प राहतील ते शुद्ध आहेत असं समजलं जाईल. हे तीनदा विचारलं जातं. दोष आठवत असूनही जो गप्प राहतो, त्याचं ते गप्प राहणं हेच जाणूनबुजून बोललेलं असत्य ठरतं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या सभेत मौनाला अर्थ होता, कारण आधीच ठरलं होतं की मौनाचा अर्थ काय घ्यायचा.

माझ्या अर्जातही ते ठरलेलं होतं. शेवटच्या पानावर मी सही केली होती की दिलेल्या माहितीत काही बदल झाला तर मी ताबडतोब कळवीन. सही करताना ते वाचलं कोणी? मी तरी नव्हतं वाचलं. पण सही माझीच. म्हणजे 'मी अविवाहित आहे' हे वाक्य मी एकदा बोलून संपलं नव्हतं. मी कळवेपर्यंत ते रोज माझ्या नावाने बोलत राहणार होतं. जानेवारीत ते खरं होतं. फेब्रुवारीच्या त्या दुपारपासून तेच वाक्य, एक अक्षरही न बदलता, खोटं झालं. मी गप्प होतो पण माझं वाक्य गप्प नव्हतं.

कोणी म्हणेल, पातिमोक्ख भिक्खूंसाठी आहे, आपण संसारी माणसं. खरं आहे. पण भगवंतांनी राहुलला असत्याबद्दल जो उपदेश केला, भांड्यात उरलेलं थोडंसं पाणी दाखवून आणि मग ते भांडं पालथं करून, तो उपदेश सम्राट अशोकाने आपल्या भाब्रूच्या शिलालेखात नावानिशी नमूद केला आहे. आणि तो वारंवार ऐकावा असं त्याने भिक्खू-भिक्खुणींबरोबर उपासक-उपासिकांनाही सांगितलं आहे. ती शिळा आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे. म्हणजे हा विषय गृहस्थांचा नाही, असं निदान अशोकाला तरी वाटत नव्हतं. त्याच उपदेशात पुढे काम करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर तपासायला सांगितलं आहे की याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही त्रास होईल का. मी फक्त 'मला' इथपर्यंत तपासून थांबलो होतो.

यावर आपल्या मंडळात चर्चा झाली तेव्हा एका ज्येष्ठ उपासकांनी बडोद्याची आठवण काढली. मुद्दा वजनदार होता. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून ते राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेल्या पारशांच्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहिला आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकारूपात छापलं. "बाबासाहेबांनाही नाव लपवावं लागलं," ते उपासक म्हणाले, "मग तू एवढा कोण लागून गेलास?"

मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. घरी जाऊन ते प्रकरण पुन्हा वाचलं. बाबासाहेब त्या कृत्याला चतुराई म्हणत नाहीत. ती लबाडी होती, असं ते स्वतः लिहितात. आणि तरीही वाचताना आपली मान शरमेने खाली जाते ती त्यांच्यासाठी नाही, त्या शहरासाठी. कारण तिथे प्रश्नच अन्यायाचा होता. 'तू कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा' हे विचारून माणसाला छप्पर द्यायचं की नाही ते ठरत होतं. खोटं नाव घेतलं नसतं तर रस्ता होता, आणि शेवटी रस्ताच मिळाला. त्या लपवण्याची सगळी किंमत बाबासाहेबांनी एकट्याने मोजली. त्यांनी ती दुसऱ्या कोणाच्या माथी मारली नाही.

आपल्या घराघरांत अशा गोष्टी आहेत. पुण्यात खोली मिळावी म्हणून कोणी आडनाव अर्धंच सांगितलं, कोणी कंपनीच्या डब्यात चारचौघांत विषय बदलला, कोणी घरमालक येणार म्हणून भिंतीवरचा फोटो उतरवला. त्या माणसांना मी दोष देणार नाही. ज्याच्यावर दगड येतो तो हात आडवा धरणारच. माझा प्रश्न स्वतःला आहे. 'तुझं लग्न झालं आहे का?' या प्रश्नात कोणता दगड होता? तो प्रश्न सगळ्यांना सारखाच विचारतात, ब्राह्मणालाही, पंजाब्यालाही, नायजेरियातून आलेल्यालाही. मग मी बडोद्याच्या ओळीत जाऊन उभा का राहत होतो? मला वाटतं, लपवण्याची ती जुनी सवय आणि माझा आताचा स्वार्थ या दोघांची मी गल्लत केली, आणि ती मला सोयीची होती.

सीमा कोणी आखल्या, श्रीमंत देश कोणाच्या जिवावर श्रीमंत झाले, माणसाला गुण देऊन निवडणं योग्य आहे का, हेही आमच्या चर्चेत निघालं. हे प्रश्न खोटे नाहीत. त्यावर लिहा, बोला, मोर्चा काढा. पण ते मला नेमके पासपोर्ट देण्याच्या आठवड्यात आठवले, त्याआधी कधी नाही. अर्ज भरताना ती व्यवस्था मला मान्य होती. माझे गुण चांगले आले तेव्हा तर फारच मान्य होती.

आता खरं काय झालं ते सांगतो. नवव्या दिवशी रात्री पत्नीचा व्हिडिओ कॉल आला. तिला मी 'पत्र आलंय, पासपोर्ट द्यायचाय' एवढंच सांगितलं होतं. तिने सहज विचारलं, "माझाही पासपोर्ट लागंल का? काढायला टाकू का?" मी म्हणालो, आत्ता नको. ती म्हणाली, "मंग मी फॉर्मवर कोण म्हणून हाये?" मी काहीतरी थातूरमातूर सांगितलं. ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "आईंनी आज भाकर खाल्ली दोन वेळ." विषय तिनेच बदलला. मला सांभाळून घेण्यासाठी बदलला, हे मला कळलं आणि झोप लागेना.

त्या रात्री पहिल्यांदा मी नियम स्वतः वाचले. कॅनडाच्या २००१ च्या इमिग्रेशन कायद्यातलं कलम ४० मला माहीत होतं. महत्त्वाची माहिती लपवली तर पाच वर्षं दार बंद. त्याची भीती होतीच. पण नियमावलीतलं कलम ११७, पोटकलम ९ मी वाचलं नव्हतं. पीआर मिळण्याआधी तुमची पत्नी, पती किंवा मूल असेल आणि तुम्ही ते जाहीर केलं नाही, त्यांची तपासणी झाली नाही, तर पुढे त्यांना कुटुंबाच्या प्रवर्गातून बोलावण्याचा मार्गच बंद होतो. ते सोबत येणार नसले तरी जाहीर करावंच लागतं. २०१९ पासून काही जणांसाठी सवलतीची योजना आली, पण ती सवलत आहे, हक्क नाही. विमानातून उतरल्यावरही तिथल्या अधिकाऱ्याला दरम्यान लग्न झालं असल्यास सांगावं लागतं.

म्हणजे मी गप्प बसलो असतो तर शिक्षा माझ्याआधी तिला झाली असती. सही माझी, फायदा माझा, आणि वाशीम जिल्ह्यात वाट बघत राहणार ती. तिला कोणी विचारलंही नव्हतं.

धम्मामुळे मी खरं सांगितलं, असं इथे लिहिलं तर ते मात्र नक्कीच असत्य होईल. आधी भीतीने, मग तिच्या त्या प्रश्नाने मी हललो. उपोसथ आणि राहुलचा उपदेश नंतर वाचले. शील आधी की भीती आधी, यावर मला अजून पक्कं उत्तर सापडलेलं नाही. भीतीने पाळलेलं शील म्हणजे शील नव्हे, असं काही जण म्हणतात. मला तेवढं कठोर व्हावंसं वाटत नाही. लहान मूल चटका बसेल म्हणूनच आधी विस्तवापासून दूर राहतं. पण भीती एवढीच राखण असती, तर पकडलं जाण्याची शक्यता नाही असं कोणी पटवून दिलं की मी पुन्हा पाकीट उचललं असतं. आणि तसं पटवणारे माझ्या फोनमध्ये दोघे होते.

दहाव्या दिवशी मी खात्याच्या वेबफॉर्मवर चार ओळी लिहिल्या. लग्नाची तारीख, ठिकाण, पत्नीचं नाव, आणि 'पासपोर्ट देण्याआधी कळवत आहे' एवढंच. उशीर का केला, याचं कारण लिहिलं नाही. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

नंतरचं सगळं कष्टाचं आहे. थोडक्यात सांगतो. मी पुन्हा गावी गेलो. नोंदणी केली. नोंदणीच्या फॉर्मवर पुरोहिताच्या सहीचा रकाना होता, तिथे आमच्या बौद्धाचार्यांनी झोकात सही केली आणि कारकुनाकडे बघून हसले. तिचा पासपोर्ट काढला. त्याच विवाह दाखल्यावर परराष्ट्र खात्याचे शिक्के घेऊन तिला शारजाला आणलं. भाऊजींचा 'कागदच नाही' हा मुद्दा तिथेच निकालात निघाला. कागद इथे यायलाही लागलाच. मग तिचे फॉर्म, तिचे पोलीस दाखले, तिचं मेडिकल, बोटांचे ठसे. तोवर माझ्या मेडिकलची वर्षाची मुदत संपली, ते पुन्हा केलं. मध्ये कंपनीने माणसं कमी केली, तेव्हा दोन महिने मी रोज सकाळी मेल उघडायला घाबरत होतो. आमचा एक मित्र माझ्यानंतर अर्ज करून माझ्याआधी कॅल्गरीला पोहोचला. त्याचे बर्फातले फोटो बघून मला चांगलं वाटलं असं म्हणणार नाही. आणि आई गेल्या दिवाळीत गेली. सोळा महिने वाया गेले नसते तर तिने मला कॅनडात पाहिलं असतं, असं ताई अजून म्हणते. तिला मी उलट बोलत नाही.

अर्ज नामंजूर झाला असता तर मी हाच लेख लिहिला असता का? हा प्रश्न मला पत्नीनेच विचारला. मी म्हणालो, बहुतेक नाही. ती म्हणाली, मंग तसंही लिहा. म्हणून लिहिलं.

ज्या तरुणाने मला विचारलं, त्याला पत्र येऊन बारा दिवस झाले आहेत. त्याला मूल झालं आहे आणि ते गावी आजीजवळ आहे. मित्रा, रविवारी वंदनेनंतर थांब. नियमांची छापील प्रत मी आणतो. पण त्याआधी मुलाच्या आईशी बोलून ये. मला आधी विचारू नकोस.

आमचे नवे फोटो काल काढून झाले, पन्नास बाय सत्तर मिलिमीटरचे. मागे नाव आणि जन्मतारीख लिहायची असते. माझ्या फोटोमागे मी लिहायला घेतलं तर शाई फिसकटली. तिने दोन्ही फोटो स्वतःकडे घेतले, बॉलपेन घेतला आणि दोघांचीही नावं लिहिली.

नमो बुद्धाय. जय भीम.

– एक उपासक, शारजा